‘दांडगाई’ म्हणजे नेमके काय, आणि हा शब्द आला कोठून?

प्रश्न असा आहे की, मागच्या पिढ्यांच्या तोंडी सहज असलेला ‘दांडगाई’ हा शब्द नेमका कशासाठी वापरला जात असे, तो कोठून आला, आणि शाळांमध्ये आज ज्याला सर्रास ‘बुलिंग’ म्हटले जाते त्याला हा जुना शब्द चालेल का. कोशाचे संपादन आणि भाषांतर या दोन कामांत माझी तीसेक वर्षे गेली आहेत. त्यांत हा शब्द कोशातल्या नोंदीपुरता न राहता एकदा प्रत्यक्ष मुलांसमोर ठेवण्याची वेळ माझ्यावर आली, त्यामुळे त्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

आधी अर्थ. अंगच्या जोरावर, हक्क नसताना, आपल्यापेक्षा कमजोर माणसाला दडपून स्वतःचे म्हणणे पुढे रेटणे म्हणजे दांडगाई. रांगेत मध्येच घुसून मागच्या म्हाताऱ्याला ‘काय करायचे ते कर’ असे म्हणणे ही दांडगाई. भावाभावांच्या वाटणीत थोरल्याने विहिरीकडची जमीन न विचारता आपल्याकडे ओढणे ही दांडगाई. खेळातला चेंडू हिसकावून ‘मीच आधी खेळणार’ म्हणणे हीही दांडगाईच. जोर, हक्काचा अभाव आणि समोरच्याची असहायता या तीनही गोष्टी एकत्र आल्याशिवाय हा शब्द बसत नाही. चोराने रात्री येऊन डबा उचलून नेला तर ती चोरी होते, कारण तेथे जोर लागत नाही, लपणे लागते. दांडगाई मात्र उघड्यावर, चार लोकांच्या डोळ्यांदेखत होते, आणि कोणी अडवणार नाही हा भरवसा तिच्या मुळाशी असतो. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीत हाच भरवसा बोलतो, कारण दुसऱ्याचा कान चारचौघांत पिळायचा तर तो दुसरा आपला हात धरणार नाही याची खात्री आधी असावी लागते.

आता उगम. या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘दंड’ आहे. संस्कृतातील अनुस्वारयुक्त ऱ्हस्व अक्षर मराठीत येताना दीर्घ होते, ही आपल्या भाषेतील फार जुनी आणि नियमित खोड आहे: दंतापासून दांत (आजचा दात), चंद्रापासून चांदणे, खंडापासून खांड आणि त्याच वाटेने दंडापासून दांड. या दांडाचे कुटुंब मोठे आहे. दांडा, दांडी, दांडके, दांडू, दांडपट्टा हे सगळे त्यातलेच, आणि कोठल्याही चौकटीत न बसणाऱ्या धसमुसळ्या माणसाला आपण ज्या शब्दाने ओळखतो तो ‘आडदांड’ही त्यातलाच. ‘दांड’ला ‘गा’ हा प्रत्यय लागला की ‘दांडगा’ होते. हा ‘गा’ आपण दिवसातून शंभरदा उच्चारतो आणि तरीही त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. मूल-मुलगा, पोर-पोरगा, लहान-लहानगा या जोड्यांत तोच आहे. ‘लहानगा’ आणि ‘दांडगा’ हे शब्द एका साच्यातले आहेत हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण दांडगाईच्या प्रसंगात बहुधा हेच दोघे समोरासमोर उभे असतात.

‘दांडगा’ म्हणजे मुळात दांडक्यासारखा भक्कम, धिप्पाड, अंगापिंडाने मजबूत. त्यात अजून दोष नाही. त्याला भाववाचक ‘आई’ हा प्रत्यय लागून ‘दांडगाई’ झाले. महागाई, चतुराई, धिटाई, नवलाई हे शब्द याच वळणाचे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना निंदेचा स्पर्शही नाही. म्हणजे मूळ शब्द निर्दोष, ‘गा’ निर्दोष आणि ‘आई’ हा प्रत्ययही निर्दोष, आणि तरीही तिघांच्या जुळणीतून जे तयार झाले ते निखळ निंदेचे. या शब्दाविषयी मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

कारण ‘दांडगा’ हे विशेषण आजही स्तुतीसाठी खुशाल वापरले जाते. एखाद्या वैद्यांचा अनुभव दांडगा असतो, एखाद्या प्राध्यापकांचा व्यासंग दांडगा असतो, आजीची स्मरणशक्ती दांडगी असते आणि गावातल्या एखाद्या कार्यकर्त्याचा जनसंपर्क दांडगा असतो. यांतील कोणावरही आपण दांडगाईचा आरोप करीत नाही. १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली, त्या काळीही ‘दांडगा’ या शब्दात बळकटपणा आणि मग्रुरी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पुढे भाषेने त्यांची वाटणी केली. बळ हा गुण असेल तेव्हा विशेषण राहिले, आणि तेच बळ दुसऱ्यावर चालवण्याची रीत बनले तेव्हा त्या रीतीला ‘दांडगाई’ हे नाव मिळाले. जोर असण्यात गैर नाही, जोर चालवण्यात आहे, हा भेद आपल्या भाषेने एका प्रत्ययावर तोलून धरला आहे.

हे एकट्या ‘दांडगा’च्या बाबतीत घडले असते तर मी त्याला योगायोग मानले असते. परंतु फारसीतून आलेल्या ‘जबरदस्त’चे काय झाले ते पाहा. ‘जबर’ म्हणजे वरचा आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. आज आपण एखाद्या खेळाडूची खेळी जबरदस्त झाली असे कौतुकाने म्हणतो, पण त्यालाच ‘ई’ लागून ‘जबरदस्ती’ झाली की ती थेट गुन्ह्याच्या भाषेत जाऊन बसते. ‘दादा’ या शब्दाचीही हीच गत आहे. घरातला थोरला भाऊ, ज्याच्या आधाराने धाकट्यांनी वाढावे, तो दादा. मुंबईच्या गिरणगावात आणि चाळींत मात्र वस्तीवर वचक ठेवणाऱ्यालाही ‘दादा’च म्हणत, आणि त्याच्या वागण्याची झाली ‘दादागिरी’. ‘धट’ हा शब्द तर समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात ‘धटासी आणावा धट’ असा वापरलेला सर्वांना पाठ आहे. आपण मुलाला कौतुकाने ‘धट्टाकट्टा’ म्हणतो, आणि त्याच कुळातला ‘धटिंगण’ मात्र दारात उभा राहिला तरी नको वाटतो.

इंग्रजीतही असेच घडलेले आहे. ज्या ‘बुली’ शब्दासाठी आपण मराठी पर्याय शोधतो, तो इंग्रजीत सोळाव्या शतकात लाडाचा शब्द होता, प्रियकराला किंवा जिवलगाला उद्देशून वापरण्याचा. आणि तो डच भाषेतील ज्या शब्दापर्यंत मागे नेला जातो त्याचे अर्थ ‘प्रियकर’ आणि ‘भाऊ’ असे आहेत. शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडीही ‘बुली’ हे मित्राला मारलेल्या प्रेमळ हाकेसारखे येते. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा आजचा वाईट अर्थ रूढ झाला. इंग्रजीत दमदाटीसाठी ‘हेक्टरिंग’ असाही एक आता जुनाट वाटणारा शब्द आहे, आणि तो ग्रीक महाकाव्यातील ट्रॉय नगरीच्या हेक्टर या वीराच्या नावावरून आलेला आहे. आपले गाव वाचवताना प्राण देणाऱ्या, बायकोमुलांवर जीव असलेल्या त्या योद्ध्याचे नाव सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर धिंगाणा घालणाऱ्या टोळक्यांना लागले आणि तेथून ते क्रियापद बनले. भाऊ, दादा, वीर, बळकट या अर्थांचे शब्द वेगवेगळ्या भाषांत एकाच उताराने घसरत गेले, याचे कारण मला माणसाच्या वागण्यात दिसते. धाक घालणारा माणूस नेहमी आधी मानाचे नाव घेऊन येतो. लोक ते नाव भीतीपोटी उच्चारतात, आणि हळूहळू ती भीती त्या नावात मुरते.

येथे ‘दंड’ या मूळ शब्दाकडे एकदा परत जायला हवे. संस्कृतातच दंडाचा अर्थ काठीवरून शिक्षेकडे सरकला होता. राजाच्या हातातील काठी म्हणजे शासन, म्हणून राज्यशास्त्राला ‘दंडनीति’ म्हणत आणि साम, दाम, दंड, भेद या उपायांतही तो आला. मराठीने हे दोन अर्थ दोन रूपांत वाटून घेतले. ‘दंड’ हे संस्कृत रूप शिक्षेसाठी राहिले (आणि वरच्या बाहूसाठीही, ज्यावरून पैलवान दंड थोपटतो), तर ‘दांड’ हे घडून आलेले रूप प्रत्यक्ष लाकडासाठी राहिले. मला यात भाषेची समजूत दिसते. ज्याला न्याय करण्याचा अधिकार आहे त्याच्या हातात ती काठी दंड असते. अधिकार नसलेल्याच्या हाती तीच काठी गेली की दांडगाई होते. हिंदीतील ‘जिसकी लाठी उसकी भैंस’ ही म्हण नेमकी या दुसऱ्या काठीविषयी आहे. ‘दंडेली’ आणि ‘दंडुकेशाही’ हे शब्द मात्र पहिल्या रूपावरून घडूनही दुसऱ्या अर्थाकडे गेले, कारण अधिकार असलेल्यानेही काठी हक्काबाहेर चालवली तर लोक तिला शिक्षा म्हणत नाहीत.

दांडगाईच्या शेजारचे शब्द पुष्कळ आहेत, आणि भाषांतरात ते एकमेकांच्या जागी घालण्याची चूक वारंवार होते. अरेरावी ही बोलण्यात असते. त्या शब्दात ‘अरे’ आणि ‘राव’ शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि समोरच्याला ‘अरे’ म्हणायचे पण स्वतः मात्र राव असल्याच्या थाटात वागायचे, हे त्याचे चित्र मला अगदी नेमके वाटते. हात न उचलताही अरेरावी पुरी होते. दमदाटीत धमकी असते, पुढे काहीतरी करण्याची. मुजोरी आणि शिरजोरी यांची दिशाच वेगळी आहे. मुजोर म्हणजे तोंडाचा जोर असलेला, लगामाला न जुमानणाऱ्या घोड्यासारखा; त्यामुळे नोकर मालकाशी किंवा विद्यार्थी शिक्षकाशी मुजोरी करू शकतो, पण त्याला आपण दांडगाई म्हणणार नाही. ‘चोर तो चोर आणि वर शिरजोर’ यातही दबून राहायला हवे होते असा माणूस वर डोके काढतो. पुंडाई ही सत्तेविरुद्धची असते. पेशवाईच्या कागदांत ‘पुंडपाळेगार’ ही जोडी येते ती बंडखोरांसाठी, आणि कन्नडमध्ये ‘पुंड’ आजही उडाणटप्पू, गुंड या अर्थाने चालतो. झोटिंग हे तर कोकणातल्या भुतांपैकी एक. त्याचे राज्य म्हणजे झोटिंगशाही, जेथे कोणता नियम चालतो तेच कळत नाही. या सगळ्यांत वरून खाली येणारा, अंगावर येणारा आणि अगदी रोजचा असा शब्द एकच, दांडगाई.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा. काही वर्षांपूर्वी शाळकरी मुलांसाठीच्या एका प्रश्नावलीचे भाषांतर माझ्याकडे आले होते. मुलांना वर्गात, मैदानावर, येण्याजाण्याच्या वाटेवर कोणी त्रास देते का, हे त्यातून समजून घ्यायचे होते. मी मोठ्या हौसेने ‘तुझ्यावर कोणी दांडगाई करते का?’ असे वाक्य लिहिले. छापण्याआधी पाचवीच्या काही मुलांना ते वाचायला दिले, तेव्हा एका मुलाने बोट ठेवून विचारले, ‘दांडगाई म्हणजे कुठली गाय?’ त्याने शब्द ‘दांड’ आणि ‘गाई’ असा तोडला होता. त्यात त्याची काहीच चूक नव्हती, त्याने हा शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. मी त्याला ‘दांडगा’ म्हणजे काय ते सांगितले, आणि दांडगा मुलगा जोर दाखवून दुसऱ्याला छळतो त्याला दांडगाई म्हणतात, असेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, ‘पण आमच्या वर्गातला तो दांडगा नाहीये. माझ्याहून बारका आहे. त्याच्या मागे चौघे असतात.’

तीस वर्षांच्या कामात माझी नोंद इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी दुरुस्त केलेली नाही. ‘दांडगाई’ या शब्दात जोर आहे तो शरीराचा. तो ज्या काळात आणि ज्या गावगाड्यात वाढला तेथे जोर दिसायचा तो दंडात आणि दांडक्यात. मुलांमधल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात (स्वीडन-नॉर्वेच्या भागात) डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला, आणि त्यांनी या वागण्याच्या ज्या तीन खुणा मांडल्या त्या आजही मानल्या जातात: दुखवण्याचा हेतू, तेच पुन्हा पुन्हा करणे, आणि दोघांच्या ताकदीतील असमानता. यांपैकी हेतू आणि असमानता दांडगाईत पुरेपूर आहेत. पण असमानता ही संख्येची, पैशाची, जातीची, भाषेची किंवा हातातल्या फोनचीही असू शकते, आणि तेथे ‘दांडगा’चे चित्र अपुरे पडते. पुनरावृत्ती तर या शब्दात बांधलेलीच नाही. एकदा जागा बळकावली तरी दांडगाई होते. रोज डब्यात माती टाकणे, रोज नावावरून चिडवणे, रोज मुद्दाम वगळणे यासाठी मराठीत ‘जाच’ हा अधिक खरा शब्द आहे. जाच एका दिवसाचा नसतोच.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘छळ’पासून छळणे होते, त्यातून छळ सोसणाऱ्याविषयी बोलता येते: तो छळला गेला, त्याचा छळ झाला. (संस्कृतात छल म्हणजे कपट, मराठीने त्याचा यातना असा अर्थ केला, तीही एक पाहण्याजोगी वाट आहे.) ‘दांडगाई’ला असे क्रियापद नाही. ती फक्त ‘केली’ जाते, आणि वाक्य सतत करणाऱ्याकडेच पाहत राहते. ज्या मुलाला त्रास झाला त्याने स्वतःविषयी बोलावे असे वाटत असेल तर हा शब्द त्याच्या हाती काही देत नाही.

तिसरी गोष्ट घरातल्या वापराची. ‘फार दांडगा आहे हो आमचा’ हे वाक्य बहुधा अभिमानाने उच्चारले जाते, आणि ‘दांडगोबा’ तर उघडच लाडाचा. त्यामुळे शिक्षकाने पालकांना बोलावून ‘तुमचा मुलगा दांडगाई करतो’ असे सांगितले की पालकांच्या कानाला ती खोडी वाटते, वयानुसार सुटणारी सवय वाटते. मी अशा दोनतीन भेटींना भाषांतरासाठी उपस्थित होतो, आणि या एका शब्दामुळे पालकांच्या चेहऱ्यावर आलेले हसू मी पाहिले आहे. त्याच वेळी दाराबाहेरच्या बाकावर बसलेले दुसरे मूलही मी पाहिलेले आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की दांडगाई हा शब्द टाकून देऊ नये, पण त्याला त्याचे काम द्यावे. करणाऱ्याच्या वागण्याला नाव ठेवायचे असेल, नियम सांगायचा असेल, फलकावर ‘येथे दांडगाई खपवून घेतली जाणार नाही’ असे ठणकावून लिहायचे असेल, तर याहून सरस शब्द मला माहीत नाही. तो खास आपला आहे, ऐकताच समजतो (निदान मोठ्यांना) आणि मुद्दा सरळ हक्कावर आणतो. सोसणाऱ्याच्या बाजूने लिहायचे असेल तर ‘छळ’ घ्यावा, रोजचे असेल तर ‘जाच’ घ्यावा, बोलण्यातले असेल तर ‘अरेरावी’ किंवा ‘टोचून बोलणे’ असे सरळ म्हणावे. ‘बुलिंग’ हा शब्द शिक्षक आणि समुपदेशक आपसांत वापरतात त्याला माझा विरोध नाही, पण मुलाला विचारताना तो वापरला की मूल आधी त्या शब्दाचा अर्थ आठवू लागते आणि स्वतःचे सांगायचे राहून जाते.

त्या प्रश्नावलीत शेवटी आम्ही ते वाक्य बदलले. आता तेथे असे छापलेले आहे: ‘तुला कोणी एकट्याने किंवा काही जणांनी मिळून, मुद्दाम आणि पुन्हा पुन्हा त्रास देते का?’ यातील ‘काही जणांनी मिळून’ हे शब्द पाचवीतल्या त्या मुलाच्या बोलण्यावरून घातले आहेत. ‘दांडगाई’ हा शब्द आम्ही मागच्या पानावर, शिक्षकांसाठीच्या सूचनांत घेतला, आणि छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या जुळारीला सांगितले की ओळ संपत आली तरी तो मध्ये तोडू नये.